कोरडा दाणा

लॉरी परत आली तेव्हा दिमाला गावातली पुरुष मंडळी कडुनिंबाखाली बसलेलीच होती. काम नसलं की ती तिथं असतात, आणि काम असलं तरी बहुतेक करून तिथंच सापडतात. लॉरीवाल्यानं मागचा फळका पाडला आणि शेंगदाण्यांची बावीस पोती सगळ्यांच्या देखत एकेक करून खाली आपटली. धुळीचा लोट उठला, आणि तो बसायच्या आत लॉरी निघूनही गेली.

बावीस पोती म्हणजे गावातल्या एकोणीस बायकांचा हंगामातला पहिला माल. लारिबाची त्यात दोन होती. माल नाकारला म्हणून प्रत्येक पोत्यावर दाणे विकत घेणाऱ्या कारखान्याच्या माणसानं लाल खडूनं फुली मारली होती. ती पोत्यांपाशी नुसती उभी राहिली. कुठं बघावं ते तिला सुचेना.

"काय गं, दाणं वाट चुकलं काय?" झाडाखालून कुणीतरी विचारलं आणि हशा पिकला.

नापारी हसला नाही. तो लारिबाच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. नवरा दूर दक्षिणेला कुमासीत टॅक्सी चालवी, वर्षातून दोनदा तोंड दाखवी, त्यामुळे घरात नापारीचाच शब्द चाले. ओढ्याकाठची सहा एकर जमीन बायकांना कसायला दिली होती ती त्यानंच. दिली होती म्हणजे त्याच्या आईनं त्याला द्यायला लावली होती. त्याची आई अशितू ही गावातल्या बायकांची पुढारी, मागाजिया. तिच्यापुढं भल्याभल्यांची बोबडी वळे. आता ती काठी टेकत आली, एका पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर दाणे हातावर घेऊन हुंगले आणि परत टाकले.

"म्मा," नापारी उठून म्हणाला, "दोन सालं झाली. गेल्या साली पाऊस न्हाई म्हनलीस, मी गप बसलो. आता हे. चांगली ओढ्याची जमीन, आणि त्यातनं निघतंय काय तर गावाची शोभा. पुढल्या पावसाला मी तिथं मका घालनार."

"अजून घराघरात शेंगा पडल्यात," अशितू म्हणाली. "तीस पोती निघत्याल. ती जाऊ देत."

"आणि ती बी परत आली म्हंजे?"

एवढ्या पुरुषांसमोर विचारलं होतं. अशितू माघार घेणाऱ्यातली नव्हती.

"आली तर घाल तुझा मका."

मका पुरुषांचा असतो. कणगीतून किती काढायचा ते पुरुष ठरवतात. पण मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, सागिम, त्याच्याबरोबर ताटात जे काही पडतं ते, म्हणजे कालवण, मीठ, सुकी मासळी, आणि पोराच्या अंगात ताप भरला तर औषधाची बाटली, हे सगळं बायकांच्या शेंगांतून येतं. ती सहा एकरं गेली तर जून-जुलैच्या उपासमारीच्या दिवसांत पोरांपुढं नुसता कोरडा सागिमचा गोळा ठेवावा लागणार होता.

चार दिवसांनी वुम्पिनी आली. मोटारसायकल झाडाला टेकवून, हेल्मेट काखेत धरून ती अशितूपुढं उकिडवी बसली आणि रीतीप्रमाणे घरच्यांची, शेताची, कोंबड्यांची खुशाली विचारत राहिली. पोरगी तमाले शहरात शिकलेली, पँट घालणारी, पण वाकायला कसूर केली नाही, म्हणून अशितूनं तिला पाणी दिलं. तमालेत तिची तीन माणसांची छोटी कंपनी होती. तिघं मिळून शेतातल्या कामाची यंत्रं बनवत, ती बायकांच्या गटांना वापरायला देत, आणि त्यांचा माल एका कारखान्याला पोचवत. कारखान्यात त्या दाण्यांचा गोड लगदा करून अशक्त पोरांना देत.

"आधी मलाच माफ करा," वुम्पिनी म्हणाली. "मी तुमचा माल नुसता नेला, तुम्ही तो कसा करता ते एकदाही बघितलं नाही. आता कारखाना म्हणतो, शेवटची खेप. ती परत आली तर आमच्या कंपनीला ते दारात उभं करणार नाहीत. म्हणून पहिल्यापासून दाखवा. शेंगा कशा फोडता?"

"घ्या! शेंगा कशा फोडत्यात ते बी आता शिकवायचं!" अशितूनं घमेलं पुढं ओढलं. बाकीच्या बाया हसत गोळा झाल्या. तिनं शेंगा घमेल्यात ओतल्या, भोपळ्याच्या तुंब्यानं पाणी घेतलं आणि हातानं शिंपडू लागली. एक तुंबा, दुसरा तुंबा. मग वर ओलं पोतं झाकलं. "आता घटकाभर बसायचं. टरफल मऊ पडलं की कशी बोटातच उघडत्यात बघ."

वुम्पिनी उभी राहिली.

"पाणी घालता?"

"मग काय थुंकी लावू? या वाऱ्यात टरफल दगडागत होतंय. तुझी आजी दातानं फोडायची का काय?"

बाया खदखदा हसल्या. वुम्पिनीला हसू आलं नाही. तिनं परत आलेल्या पोत्यातले चार दाणे उचलले, नखानं सोलले आणि तळहातावर धरून सगळ्यांना दाखवले. दाण्याच्या पोटात हिरवट पिवळी पूड होती.

"ही बुरशी. पोत्यात ओल राहिली की धरते. हिच्यात विष असतं. चवीला कळत नाही, शिजवून जात नाही. मोठ्या माणसाचं यकृत सडवतं आणि लहान पोराची वाढ खुंटवतं. पोर खातं, पितं, पण वाढत नाही."

मग साहदा म्हणून लारिबाची शेजारीण होती, ती हळूच म्हणाली, "पन आपन खराब दाणं पोत्यात घालतच न्हाई. येचून काढतो."

"आणि वेचलेल्याचं काय करता?"

लारिबाला उत्तर माहीत होतं. सगळ्यांनाच होतं. चांगला दाणा विकायला, आणि वेचून काढलेला, काळा, सुरकुतलेला दाणा घरच्या कालवणाला. कोण बाई तो फेकून देणार? तिची साकिना सहा वर्षांची होती आणि चार वर्षांच्या पोरीचा झगा तिला ढगळ होई. गावात म्हणत, बारीक चणीची आहे, आत्यावर गेली. लारिबानं पाच वर्षं रोज आपल्या हातानं ते दाणे वाटून पोरीच्या ताटात वाढले होते. ती उठून भिंतीआड गेली, कपाळ भिंतीला टेकवून उभी राहिली आणि आपल्याच हातांना शिव्या देत राहिली.

परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. वुम्पिनी विचारत होती, वाचता कुणाला येतं?

"मला," लारिबा म्हणाली. "सहावीपातूर."

असं ओल मोजायचं मापक तिच्या हाती आलं. डब्यासारखं होतं, वर एक वाटी. वाटीत दाणे भरायचे, बटण दाबायचं, की आत किती ओल आहे त्याचा आकडा दिसे. सात किंवा खाली असला तर माल चांगला. सातच्या वर एक पोतंही जायचं नाही. आकडा तिथल्या तिथं फोनवरून वुम्पिनीच्या कचेरीत पोचे.

"आणि हे बघ," वुम्पिनीनं कोपऱ्यातल्या चित्रावर बोट ठेवलं. "यंत्राला डोळे नसतात. वाटीत काय आहे ते त्याला आधी सांगावं लागतं. इथं शेंगेचं चित्र पाहिजे. दुसरं काही असेल तर आकडा खोटा."

दुसऱ्या खेपेला तिनं तीनचाकीतून शेंगा फोडायचं यंत्र आणलं. लोखंडी पिंप, खाली जाळी आणि बाजूला दांडा. कोरड्या शेंगा वरून ओतायच्या आणि दांडा फिरवायचा. एका सकाळी पोतंभर दाणे पडत. बायांनी यंत्रावर रांग लावली. धुळीचा वारा दिवसभर सुटलेला, ओठ फुटलेले, टाचांच्या भेगांत शिया झाडाच्या बियांचं तूप भरलेलं, आणि तोंडावर फडकी बांधून एकोणीस बाया आळीपाळीनं दांड्याला झोंबत होत्या. टरफलांचा ढीग गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा झाला. लारिबा प्रत्येक पोत्यात तीन ठिकाणी हात घालून दाणे काढी, वाटीत भरी, बटण दाबी. सहा. साडेपाच. सहा. साहदा तर प्रत्येक आकड्याला कुल्ला हलवून नाची.

अशितू यंत्राला शिवली नाही. "माझी बोटं हायत की," एवढंच म्हणाली. पाणी घालायचं नाही, हे मात्र तिनं मागाजिया म्हणून सगळ्यांना बजावलं होतं.

आठव्या दिवशी दांडा मुळातून तुटला. जोडणारा लोहार सावेलुगू गावाला, आणि तिथं तीन दिवस वीज नव्हती. मग बाया हातानंच फोडू लागल्या, कोरड्या. पहिल्या दिवशी अंगठ्याची कातडी गेली. दुसऱ्या दिवशी लारिबाच्या उजव्या अंगठ्याचं नख अर्धं सुटलं. तिनं त्यावर चिंधी बांधली आणि डाव्यानं फोडायला लागली. मिठाचं पाणी हाताला लागलं की बाया तोंडातल्या तोंडात किंचाळत. तरी कुणी तुंब्याला हात लावला नाही.

पाचव्या दिवशी, दांडा अजून आलेला नसताना, अशितूच्या खोपटातून भरलेलं पोतं बाहेर आलं. बाकीच्यांची घमेली अर्धीसुद्धा झाली नव्हती. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. "मागाजियाचा हात म्हंजे हात हाय बाई," साहदा म्हणाली. लारिबा पोत्याजवळ वाकली. दाण्यांवरची तांबडी साल तिला जरा जास्तच तुकतुकीत दिसत होती.

तिनं पोत्यात हात घातला. मध्यभागी गार लागलं. वाटी भरली, बटण दाबलं. अकरा. पुन्हा दुसरीकडून काढले. साडेदहा. तिसऱ्यांदा अकरा.

सगळ्या बाया तिच्याकडं बघत होत्या. झाडाखालून पुरुषही बघत होते. दिमालात सून सासूशी उभ्यानं बोलत नाही. लारिबा अशितूपुढं उकिडवी बसली, डोळे जमिनीला लावले, आणि म्हणाली, "म्मा, हे पोतं जायाचं न्हाई."

"काय म्हनलीस?"

"अकरा हाय, म्मा."

अशितूनं काठी अशी आपटली की कोंबड्या उडाल्या. "मी दहा बाळंतपनं केली या गावात! तुझा नवरा माझ्या पोटी जन्मला! मी शेंगा फोडत हुते तवा तुझी आय शेंबूड पुसत हुती, आणि तू मला अकरा सांगतीस? त्या डबड्याकडनं?"

लारिबा तशीच बसून राहिली. पाय बधिर झाले तरी उठली नाही. अशितू बडबडत खोपटात गेली आणि दारावरची चटई सोडली. त्या दिवशी लारिबानं पाठवलेलं ताट तसंच परत आलं. दुसऱ्या दिवशीही. सासू सुनेच्या हातचं खाईना ही बातमी पाणवठ्यावर जायला कितीसा वेळ लागतो?

नापारीनं तिला बोलावलं. तो खुर्चीत, ती खाली.

"तिसात एक पोतं. मधी घुसडलं तर कोन बघनार हाय?"

"कारखान्यात सगळी एकत्र करून तपासत्यात, भाऊजी. एक वाईट असलं तर तीस जात्याल."

"मंग आईची इज्जत गेली ती?"

हा माणूस जमीन परत घ्यायला टपलेला, आणि आता आईच्या इज्जतीवर बोलतोय. ते पोतं आत घुसलं तर सगळ्यात जास्त फायदा कुणाचा, हे तिला दिसत होतं. त्याला ते दिसत नसेल असं तिला वाटलं नाही.

"इज्जतीसाठी मी कोला घिऊन जाते," ती म्हणाली. "पोत्यासाठी न्हाई."

बाजारातून तिनं कोलाची पाच पांढरी फळं आणली, पानात बांधली आणि अशितूच्या दारात जाऊन बसली. माफी मागायची ती अशीच मागतात.

"म्मा, चारचौघांत बोलले, चूक झाली. आधी आत येऊन सांगाया पायजे हुतं. मान माझी खाली हाय. आकडा मात्र अकराच हाय."

आतून आवाज आला, "ये."

अशितू भिंतीला टेकून बसली होती. तिचे हात मांडीवर होते, आणि लारिबानं ते पहिल्यांदाच नीट बघितले. अंगठ्याचे सांधे सुजून गाठी झाल्या होत्या, बोटं वाकडी पडली होती, आणि दोन्ही अंगठ्यांची टोकं सोलून कच्ची दिसत होती. म्हणजे तिनं आधी कोरड्याच फोडून बघितल्या होत्या.

"यंत्र चालत हुतं ते आठ दिस मी हातानं जोर लावला," अशितू तिच्याकडं न बघता म्हणाली. "तांब्याभर बी न्हाई निघालं. पोरी पोती भरनार आणि मागाजियाचं घमेलं रिकामं? मी काय तोंडानं पुढं उभी राहू? म्हनून घातलं पानी. थोडंसंच घातलं."

लारिबाला रडू फुटलं. तिनं त्या हातांना शियाचं तूप चोळलं. अशितूनं हात काढून घेतले नाहीत. कोलाचं एक फळ तिनं फोडलं, अर्धं स्वतःच्या तोंडात टाकलं, अर्धं सुनेला दिलं, आणि चावता चावता म्हणाली, "त्या पोत्याचं काय करायचं?"

"घरात खायाचं न्हाई, म्मा. कोंबड्यांना बी न्हाई."

"अख्खं पोतं?"

"अख्खं."

दुसऱ्या सकाळी अशितूनं ते पोतं स्वतः उकिरड्यावर ओढून न्यायला लावलं, त्यावर टरफलं टाकली आणि काडी लावली. तेलकट धूर निघाला. गावात असं कुणी कधी अन्न जाळलं नव्हतं. एक म्हातारा म्हणाला, मागाजियाला वेड लागलं. ती तिथंच उभी राहिली, अगदी राख होईपर्यंत.

दुपारी दांडा जोडून आला. अशितू आपल्या उरलेल्या शेंगा घेऊन रांगेत जाऊन बसली, साहदाच्या मागं. तिची पाळी आली तेव्हा लारिबा दांडा धरायला पुढं झाली.

"सोड. मनगटानं फिरतोय त्यो, अंगठा लागत न्हाई," अशितू म्हणाली, आणि फिरवू लागली. थोड्या वेळानं तिच्या कपाळावर घाम आला आणि चेहऱ्यावर हसू आलं. "अगं भवान्यांनो, हे आधी का न्हाई सांगितलं कुनी?"

तिच्या त्या पोत्याचा आकडा सहा आला. तीस पुरी झाली.

शुक्रवारी लॉरी आली. या खेपेला कारखान्यानं आपला माणूस बरोबर पाठवला होता, ओफोरी नावाचा, दक्षिणेकडचा, पांढरा सदरा घातलेला. वुम्पिनीची मोटारसायकल वाटेत पंक्चर झाली होती, ती यायची होती. ओफोरीला थांबायला वेळ नव्हता. त्यानं आपलं मापक काढलं, पहिल्या पोत्यातले दाणे भरले आणि बटण दाबलं.

"दहा," तो म्हणाला.

दुसरं पोतं. दहा. तिसरं. दहा.

"हेच. मी साहेबांना सांगितलं होतं, डिझेल फुकट जाईल." त्यानं खिशातून लाल खडू काढला.

समोर नापारी खुर्चीतून पुढं झुकला होता. एकोणीस बायांचे सोललेले अंगठे, आठ दिवसांची रांग, जळलेलं पोतं, आणि दहा? ती पुढं झाली.

"साहेब, आमच्या मापकात सहा येतंय. प्रत्येक पोतं मी मोजलंय."

"बाई, माल तुमचा, मापही तुमचं. आकडा तुम्हाला पाहिजे तोच येणार, नाही का?" तो हसला. झाडाखालचे एकदोघंही हसले.

तेव्हा अशितू उठली. ती चालत पोत्यांच्या आणि ओफोरीच्या मध्ये आली, आणि पुरुषांकडं तोंड करून बोलली, म्हणजे सगळ्या गावाला ऐकू जावं.

"मी या गावाची मागाजिया. मी चोरून पानी घातलं. दिलेला शबूद मोडून माझ्या पोत्याला पानी घातलं, आणि ह्या पोरीनं, माझ्या सुनेनं, चारचौघांत माझं पोतं बाजूला काढलं. मी दोन दिस तिच्या हातचं खाल्लं न्हाई. ह्यो माझा ल्योक तिला म्हनत हुता, घुसड. तिनं न्हाई घुसडलं. मी ते पोतं माझ्या हातानं जाळलं. खोटा आकडा सांगायचा असता तर तिनं तो माझ्यासाठी सांगितला असता. ह्या तीस पोत्यांसाठी कशाला सांगंल?"

पासष्ट वर्षांची मागाजिया, जिनं कधी कुणापुढं चूक कबूल केली नव्हती, ती उन्हात उभी राहून स्वतःच्या तोंडानं हे सांगत होती. नापारीनं मान फिरवली. लारिबाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

ओफोरीनं खडू खिशात ठेवला. "बरं," तो जरा नरमून म्हणाला, "काय म्हणणं आहे तुमचं?"

"तुमचं मापक जरा दाखवा," लारिबा म्हणाली.

त्यानं ते तिच्या हातात दिलं. तिनं ते उन्हाकडं पाठ करून धरलं, फडक्यानं काच पुसली आणि कोपऱ्यात बघितलं.

"साहेब, हितं कणीस हाय."

"कुठं?"

"हे बघा. मक्याचं कणीस. तुम्ही ह्याला मका म्हनून सांगितलंय, आणि आत शेंगदाणं घातल्यात."

ओफोरी वाकला. त्यानं कपाळावर हात मारला. तो आठवडाभर मका खरेदी करत हिंडत होता, आणि चित्र बदलायचं राहून गेलं होतं. त्यानं बटण तीनदा दाबलं, शेंगेचं चित्र आणलं, वाटी रिकामी करून पुन्हा भरली.

"सहा," ओफोरी म्हणाला.

दुसरं पोतं साडेपाच. तिसरं सहा. तो तिसाव्या पोत्यापर्यंत गेला, आणि प्रत्येक आकडा लारिबा त्याच्या आधीच मोठ्यानं सांगत होती. विसाव्यानंतर बायाही तिच्याबरोबर ओरडू लागल्या. इतक्यात वुम्पिनी धुळीनं माखून आली, आणि ओफोरीनं तिच्यासमोरच विषाची तपासणी लावली. सगळ्या पोत्यांतले दाणे कुटून, औषधात ढवळून त्यात कागदाची पट्टी उभी करायची. एक रेघ उठली तर माल वाईट, दोन उठल्या तर चांगला. पहिली रेघ लगेच आली. दुसरी येईना. वुम्पिनी नख चावत होती. साहदा डोळे मिटून पुटपुटत होती. मग कागदावर फिकट गुलाबी काहीतरी दिसलं, ते दाट झालं, लाल झालं.

"दोन," लारिबा म्हणाली, आणि पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. बायांनी जिभा हलवत असा काही गजर केला की लॉरीवाला दचकून गाडीतून उतरला. वुम्पिनी हेल्मेट वर फेकत होती आणि झेलत होती. ओफोरीनं स्वतः पोत्यांना खांदा दिला, आणि जाताना लारिबाला विचारलं, शेजारच्या गावांतला मालही ती मोजून देईल का. "वुम्पिनीताईंना इचारा," ती ऐटीत म्हणाली, "मी त्यांच्या कंपनीची हाय."

लॉरी गेली तरी अशितू जागची हलली नाही.

"नापारी," ती म्हणाली. "माल गेला."

"गेला, म्मा."

"मग चल. आत्ताच. म्हाताऱ्यांना घे."

दिमालात जमीन द्यायची तर तोंडानं देऊन भागत नाही. देणाऱ्यानं पंचांसमोर हद्द चालून दाखवायची, चारी कोपऱ्यांना दगड ठेवायचे आणि प्रत्येक दगडावर पाय द्यायचा. मगच ती दिली असं धरतात. दोन वर्षांत नापारीनं हे एकदाही केलं नव्हतं. आता उन्हं कलताना तो पुढं, तीन म्हातारे मागं, आणि त्यांच्या मागं गाणी म्हणत एकोणीस बाया, अशी वरात ओढ्याकडं निघाली. वुम्पिनी मोटारसायकल ढकलत शेवटी. साकिना आईच्या पदराला धरून उड्या मारत होती.

पहिला कोपरा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. चौथ्याला नापारी शियाच्या झाडापाशी थांबला आणि त्यानं दगड तिथं टेकवला. गाणं बंद पडलं. झाडापासून ओढ्यापर्यंत आणखी वीस पावलं जमीन होती, काळी, ओल धरणारी, साऱ्या सहा एकरांतली सगळ्यात चांगली. बायांनी दोन वर्षं तिथंच पहिली पेरणी केली होती. म्हातारे आभाळाकडं बघू लागले. अशितूनं सुनेकडं बघितलं.

लारिबा पुढं गेली. थोरल्या दिरापुढं ती आजवर नेहमी खाली बसली होती. आज बसली नाही. तिनं त्याच्या पायाजवळचा दगड दोन्ही हातांनी उचलला. सुटलेल्या नखाला कळ लागली तरी सोडला नाही. वीस पावलं मोजत ती चालली आणि ओढ्याच्या काठावर तिनं तो टेकवला.

"भाऊजी," ती म्हणाली, "कोपरा हितं हाय."

नापारीनं म्हाताऱ्यांकडं बघितलं. म्हाताऱ्यांतला एक जण खोकला, दुसऱ्यानं मान हलवली. "हितंच हुता बाबा," तिसरा म्हणाला. एकोणीस बाया ओळीत उभ्या होत्या आणि एकही डोळा लवत नव्हता.

नापारी चालत आला आणि त्यानं त्या दगडावर पाय ठेवला.